खालची फळी

धप्पकन आवाज झाला एवढंच मला आठवतं. पुढचं सगळं मैत्रिणींनी सांगितलेलं.

१९९४ सालचा ऑगस्ट महिना होता. मी नववीत होते. पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तयारी चालली होती. ऊन काही फार नव्हतं. 'एक साथ सावधान' झालं, आणि मी सावधान उभी राहण्याऐवजी सरळ आडवी झाले! डोळे उघडले तेव्हा मी स्टाफरूमच्या बाकावर होते. कुणीतरी कांदा हुंगायला देत होतं. बाई विचारत होत्या, "सकाळी काय खाऊन आलीस?"

"चहा आणि खारी."

"आणि काल रात्री?"

मी गप्प. कारण काल रात्री मी भात आणि पातळ आमटी एवढंच खाल्लं होतं. बाजरीची भाकरी होती, पण मला ती आवडायची नाही. कडू लागायची.

तुम्हीही सकाळी चहा-खारी खाऊन शाळेत जाता का? मग पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

आमचं घर श्रीगोंद्याचं. संत शेख महंमद महाराजांचं श्रीगोंदा. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. पावसाच्या बाबतीत आमचा तालुका कायमचा उपाशी. जिथे घोडच्या आणि कुकडीच्या कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस आला, आणि बाकी रानात बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा. आमच्या अण्णांची लिंबाची बाग होती. श्रीगोंद्याची कागदी लिंबं तुम्ही ऐकली असतील. गोण्याच्या गोण्या भरून पुण्या-मुंबईला जायच्या. आमच्या अंगणात लिंबांचे ढीग असायचे, पण ताटात लिंबाची फोड पाहुणे आले तरच! लिंबू विकायचं असतं, खायचं नसतं, असंच मला लहानपणी वाटायचं.

दुसऱ्या दिवशी आई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि बोटाला टच्चकन सुई टोचली. रक्ताचा एक थेंब काचेच्या नळीत घेऊन त्यात काहीतरी मिसळलं. मग म्हणाल्या, "हिमोग्लोबिन ८.९. तुझ्या वयाला निदान १२ तरी हवं."

हिमोग्लोबिन म्हणजे काय, हे विज्ञानाच्या पुस्तकात होतं आणि मी ते पाठही केलं होतं. रक्ताच्या तांबड्या पेशींत असतं, छातीतला प्राणवायू उचलून सगळ्या अंगभर पोचवतं. ते तयार व्हायला लोह लागतं. परीक्षेत मला त्याचे दोन गुणही मिळाले होते! पण ते माझ्याच अंगात कमी आहे हे काही कळलं नव्हतं. जिना चढताना धाप लागते, दुपारच्या तासाला डोळे मिटतात, गणित डोक्यात शिरत नाही. मला वाटायचं, मी आळशी आहे. घरच्यांनाही तसंच वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जंताचीही गोळी दिली, कारण पोटातले जंत रक्त खातात. "गोळ्या सुरू झाल्या की शी काळी होईल, घाबरू नकोस," असं त्यांनी सांगितलं, आणि मी लाजून जमिनीकडे पाहिलं. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"तुमचंही बघू या."

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "मी चांगली धडधाकट आहे. पहाटे पाचला उठते."

"बोट पुढे करा."

आईचं निघालं ७.६.

माझ्यापेक्षा कमी! मला धरून आणणारी आई माझ्यापेक्षा जास्त आजारी होती. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "गोळ्या तुम्हीही घ्यायच्या. आणि घरी जाऊन तुमचं स्वयंपाकघर एकदा नीट बघा. काय आहे, कुठे आहे आणि कुणाच्या ताटात जातंय."

तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. स्वयंपाकघर काय बघायचं? रोज तर बघतो!

पण आजीला बरोबर कळला. आजीने संध्याकाळी पदर खोचला आणि मला हाक मारली. "पोरी, ये हिकडं. फडताळ खाली काढू."

आमचं फडताळ म्हणजे भिंतीतलं जुनं लाकडी कपाट. त्याला चार फळ्या. शिवाय शेजारी भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात उतरंडीची मडकी आणि वर माळा. आम्ही एकेक डबा खाली काढला. आजीने मला वही घेऊन बसवलं. "ल्ही. कुठल्या फळीवर काय घावलं त्ये."

मी लिहिलेली यादी अशी होती:

हाताशी येणारी मधली फळी: खारी, टोस्ट, बटर, फरसाण, साखर, चहापूड, शरबताची बाटली.

त्याखालची: गव्हाचं पीठ, तांदूळ, बाजरीचं पीठ, तूरडाळ, तेल.

सगळ्यांत वर, स्टुलाशिवाय हात न पोचणारी: शेंगदाणे, तीळ, गूळ, कारळं.

सगळ्यांत खाली, अंधारात: मटकी, हुलगा, चवळी, हरभरे. तेही मडक्यात, वर फडकं बांधलेलं, आणि त्यावर रिकाम्या पिशव्यांचा ढीग.

माळ्यावर: लोखंडी कढई. घरात हिंडालियमची आली तेव्हापासून ही तिकडे पडलेली.

आजी यादीकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवली. मग ती म्हणाली, "आपुन शाळेतनं आलो की पयला हात कुठं जातो?"

"मधल्या फळीवर."

"मग? ज्ये हाताशी त्येच पोटाशी."

मित्रमैत्रिणींनो, त्यानंतर मी आहारावरची बरीच पुस्तकं वाचली. पण आजीच्या त्या चार शब्दांपेक्षा शहाणं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. भूक लागली की माणूस विचार करत नाही, हात पुढे करतो. हाताला काय लागेल, ते मात्र आपण आधी ठरवू शकतो.

इतक्यात दादा आला. त्याला वाटलं दिवाळीची साफसफाई! तोही बसला. त्याने वाण्याची उधारीची वही आणली आणि आम्ही दोघांनी महिन्याचा हिशेब केला. एका बाजूला खारी, टोस्ट, फरसाण, शरबत. दुसऱ्या बाजूला सगळ्या डाळी आणि कडधान्यं. आकडे मी आता विसरले, पण पहिली बेरीज दुसरीपेक्षा मोठी होती, हे पक्कं आठवतं. अण्णा नेहमी म्हणायचे, "चांगलंचुंगलं खायला पैसे कुठनं आणायचे?" त्या दिवशी ते वहीकडे पाहून नुसतेच "हं" म्हणाले.

मग आम्ही फडताळ लावलं. आजी सांगत होती आणि दादा उचलत होता.

मडक्यांतली कडधान्यं काचेच्या बरण्यांत आली आणि मधल्या फळीवर बसली. बरण्या लोणच्याच्या होत्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या. काचेच्या का? दिसायला हवीत म्हणून. मडक्यातली मटकी आठवावी लागते, बरणीतली मटकी स्वतःच आठवण करून देते. त्यांच्या शेजारी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा डबा. खारी-टोस्ट टाकून दिले नाहीत, संपेपर्यंत ते सगळ्यांत वरच्या फळीवर गेले. खायचं तर स्टूल आणा, चढा, काढा. गंमत अशी की स्टूल आणायचा कंटाळा येऊन दादा फुटाण्यांवरच समाधान मानू लागला!

बाजरीचं पीठ काढलं तेव्हा आजीने चिमूटभर तोंडात टाकलं आणि थुंकलं. "कडू झालंय. कवा दळलं?"

आई म्हणाली, "महिना झाला. गिरणीत सारखं कोण जाणार?"

"आगं, बाजरी काय गहू हाय व्हय? तिच्यात तेल असतं. आठ दिसांत पीठ कडू होतंय. मग पोरं भाकरीला नावं ठेवत्यात. बाजरीचा काय दोष?"

मी आजीकडे पाहतच राहिले. मला बाजरी आवडत नव्हती असं नाही, मला शिळं पीठ आवडत नव्हतं! पुढे कळलं की आजीचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, आणि दळल्यावर त्यावर दाण्यातल्याच रसायनांची प्रक्रिया सुरू होऊन पीठ लवकर खवट होतं. आख्खी बाजरी मात्र कडुनिंबाचा पाला घालून महिनोन्महिने टिकते. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: धान्य साठवायचं, पीठ नाही. चार-पाच दिवसांपुरतं दळण आणायचं. आणि ते काम माझं आणि दादाचं, पाळीपाळीने.

आजी बाजरीसाठी एवढी का भांडत होती? कारण शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमहून जास्त लोह असतं आणि पांढऱ्याशुभ्र तांदळात एक मिलिग्रॅमही नसतं. आजीला मिलिग्रॅम माहीत नव्हते. तिला १९७२ चा दुष्काळ माहीत होता. त्या वर्षी रानात काहीच पिकलं नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली. आजी रस्त्यावर खडी फोडायला जायची. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली. "तवा वाटायचं, घरची बाजरी एकदा मिळू दी," ती म्हणाली. "आन आता घरची बाजरी इकून तुमी खारीचं पुडं आणताय."

यावर कुणीच काही बोललं नाही.

लोखंडी कढई माळ्यावरून उतरली. घासून, तेल लावून भाजी त्यातच होऊ लागली. लोखंडाच्या भांड्यात शिजवलं की थोडं लोह अन्नात उतरतं. फक्त आंबट भाजी त्यात ठेवून द्यायची नाही, झाली की दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते. मिठाचा डबा चुलीशेजारून उचलला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात गेला, कारण उष्णतेने आणि दमट हवेने मिठातलं आयोडिन कमी होतं. शेंगदाणे निवडून घेतले. काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे फेकून दिले, कारण त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजूनही पुरतं जात नाही.

आणि शेवटी लिंबं! ताटं वाढायच्या जागी आजीने एक दुरडी ठेवली. तिच्यात रोज पाच-सहा लिंबं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शरीर सहज घेत नाही, पण सोबत लिंबू असेल तर जास्त घेतं. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व हे काम करतं. आणि चहा बरोबर उलटं करतो. म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा बंद. अण्णांना हे फार जड गेलं! बागेतल्या लिंबांखाली तांदुळजा आणि घोळ आपोआप उगवायचे, ते आम्ही तण म्हणून उपटून टाकायचो. आता ते दुरडीत येऊ लागले.

इतकं झाल्यावर मला वाटलं, झालं! स्वयंपाकघर सुधारलं. पण खरी गोष्ट अजून बाकी होती.

तीन-चार दिवसांनी रात्री सगळ्यांची जेवणं झाली. मटकीची उसळ झकास झाली होती. दादाने तीनदा घेतली, मी दोनदा. मग नेहमीप्रमाणे आई एकटी जेवायला बसली. आजी अंथरुणावरून उठली, आईजवळ गेली आणि कढईचं झाकण उचललं. आत फक्त रस्सा होता. मटकीचे चार दाणे तळाशी.

आईच्या ताटात भाकरी, रस्सा आणि कांदा.

"रोज आसंच?" आजीने विचारलं.

"पुरतं की मला," आई म्हणाली.

आजी खाली बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्या बी चाळीस वर्सं आशीच जेवले. मला वाटायचं बाईच्या जातीला आसंच असतं. तुला बी म्याच शिकवलं."

मी अंथरुणावर पडून ऐकत होते. तेव्हा मला डॉक्टरीणबाईंच्या वाक्याचा अर्थ कळला: काय आहे, कुठे आहे, आणि कुणाच्या ताटात जातंय. आम्ही फडताळाच्या चारही फळ्या बदलल्या होत्या, पण आमच्या घरात एक पाचवी फळी होती. ती सगळ्यांत खालची. तिच्यावर आई होती. आणि ती फळी आम्हाला दिसलीच नव्हती, कारण रोज दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून आजीने नवा नियम केला. भाजी झाली की आधी पाच वाट्या भरायच्या. सारख्या. आईची वाटी झाकून बाजूला ठेवायची. मग बाकीच्यांनी घ्यायचं. दादा कुरकुरला, "मला पुरत नाही." आजी म्हणाली, "मग उद्या मटकी जास्त भिजव. बरणी तुझ्याच नाकासमोर हाय." आणि खरंच, दुसऱ्या सकाळी दादाने मटकी भिजवली. रात्री फडक्यात बांधली. तिसऱ्या सकाळी इवलेसे मोड पाहून तो इतका खूश झाला, जणू त्यानेच ते आणले होते! मोड आल्यावर कडधान्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला फक्त तिसरी वाटी हवी होती.

पुढे अण्णांनी आणखी एक केलं. काही बोलले नाहीत, पण रात्री आई ताट घेईपर्यंत तेही जेवायला बसेनात. "सगळे मिळून बसू," एवढंच म्हणाले. पहिल्या दिवशी आईला घासच उतरेना. सारखी उठायची, "भाकरी देऊ का? पाणी देऊ का?" आठ-दहा दिवसांनी सवय झाली.

डिसेंबरात आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. माझं हिमोग्लोबिन ११.४ झालं होतं, आईचं १०.२. बारा कुणाचंच झालं नव्हतं. गोळ्या अजून चालूच ठेवायच्या होत्या. एक गोष्ट स्पष्ट सांगते: नुसतं फडताळ लावून आमचं रक्त वाढलं नाही. रक्त इतकं कमी असेल तर औषध घ्यावंच लागतं, आणि ते डॉक्टरांना विचारूनच. पण गोळ्या संपल्यावर पुन्हा तिथेच घसरू नये, हे काम फडताळाने केलं.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. आजी नाही. माझ्या घरी आता गॅस आहे, फ्रिज आहे, भिंतीला रंगीत कपाटं आहेत. पण काही गोष्टी बदललेल्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं की देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे वर्गात तुमच्या बाकावर दोघी बसत असाल, तर एकीचा नंबर आलाच! मुलांनीही हसू नये, त्यांच्यातही हे असतं.

दुसरीकडे चांगलंही घडलं. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. माझ्या आजीची बाजरी एकदम मोठ्या पंगतीत जाऊन बसली. आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वालांचं, भाज्यांचं, भाताचं बियाणं मडक्यांत आणि डब्यांत जपून ठेवलं. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याबद्दल वाचताना मला आजीची मडकी आठवली.

आता पुडे मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलेत. त्यासाठी माझी एक युक्ती सांगते. पुड्याची पुढची बाजू बोलघेवडी असते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. पुडा उलटा करा. मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. नियम असा आहे की जे सगळ्यांत जास्त घातलं असेल त्याचं नाव आधी, कमी असेल त्याचं नंतर. पहिली तीन नावं वाचा. मैदा, साखर, तेल असेल, तर त्याची जागा स्टुलावाल्या फळीवर!

आणि आता तुमचं काम. येत्या रविवारी वही-पेन्सिल घ्या. घरातल्या मोठ्यांना विचारा आणि स्वयंपाकघराची यादी करा. हाताशी काय आहे? अंधारात काय दडलंय? पीठ कधीचं आहे? लिंबू ताटापर्यंत पोचतं का? एकाच दिवसात सगळं बदलायला जाऊ नका, घरचे वैतागतील. आधी एकच बरणी अंधारातून उजेडात आणा.

आणि त्या रात्री, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, हळूच जाऊन भाजीच्या भांड्याचं झाकण उचला. सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या माणसासाठी त्यात काय उरलंय, ते बघा.